शाळेच्या निधीसाठी बेदाणे विकले, त्याचा अनुभव

इंदिरानगरमधल्या आमच्या शाळेला वाचनालयासाठी कपाटं हवी होती. पालक-शिक्षक संघात मी पाचवीची प्रतिनिधी, म्हणून निधी जमवायचं काम माझ्याकडे आलं. आधी मी गेल्या वर्षीचा हिशेब मागून घेतला. तेव्हा एका कंपनीची कूपनांची पुस्तकं मुलांनी दारोदार फिरून विकली होती. पुस्तक दीडशेचं आणि शाळेला मिळाले पंधरा रुपये! वर कूपन हॉटेलात चालेना, तेव्हा शेजारच्या काकूंनी माझ्या मुलीलाच विचारलं, "काय गं, हे काय विकलंस मला?" लेकरू रडत घरी आलं होतं.

यंदा निफाड तालुक्यातल्या एका महिला बचत गटाकडून बेदाणे घेतले. अर्ध्या किलोचं पाकीट २४० रुपयांना. त्यातले १८० गटाचे, ६० शाळेचे. रुपयात चार आणे शाळेला, हे त्यांनी पहिल्याच भेटीत कागदावर लिहून दिलं. आगाऊ पैसे मागितले नाहीत आणि उरलेली २८ पाकिटं कुरकुर न करता परत घेतली. माल बघायला मी स्वतः शेडवर गेले. ताईंनी मूठभर बेदाणे हातावर ठेवले: हिरवट, लांबट, देठ काढलेले, दाबले तर मऊ, पण बोटांना चिकटत नव्हते. चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा जेमतेम किलोभर बेदाणा होतो, त्यामुळे मला भाव रास्तच वाटला. पाकिटावर पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक होता.

तक्रार एकच. माल दोन दिवस उशिरा आला आणि शनिवारची पालकसभा हातची गेली. सात-आठ पाकिटांचं सील सुटलेलं होतं, ती मात्र लगेच बदलून दिली.

मुलांना विकायला पाठवायचं नाही आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात, कुणाच्या मोबाइल नंबरवर नाही, एवढं आम्ही आधीच ठरवलं होतं. दोघा-तिघांनी ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली. विकत घेतलेल्या वस्तूवर ती मिळत नाही. नुसती देणगी द्यायची असेल तर संस्थेची ८०जी नोंदणी आहे का ते विचारा, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोख देऊ नका, तिच्यावर सवलत नाही.

४१२ पाकिटं गेली, शाळेला २४,७२० रुपये मिळाले. हिशेब फलकावर लावलाय. दिवाळीआधी याच ताईंकडून पुन्हा घेणार, फक्त माल पोचवायची तारीख पालकसभेच्या आठवडाभर आधीची लिहून घेईन.