गूगल शीट्समधलं रेजेक्सरिप्लेस: सुरुवातीची अक्षरं काढण्यासाठी

खुणेशी जुळणारा मजकूर बदलणारं हे फंक्शन (REGEXREPLACE) पावती क्रमांकापुढची शून्यं काढायला झकास. खूण "^0+", बदली रिकामी "". ^ म्हणजे 'फक्त सुरुवातीला'; तो विसरलात तर मधलीही शून्यं जातात: 00120045 चं थेट 1245. नुसतं 000 असेल तर सेलच रिकामा होतो; तिथे "^0+(.)" देऊन बदलीत "$1" (कंसात जुळलेलं अक्षर) लिहा, एक शून्य उरतं.

मोबाइल नंबरांचा +91 काढताना "^\+91" हवं. बरेच जण "^[+91]+" लिहितात आणि 9 ने सुरू होणाऱ्या नंबराचा पहिला आकडाही गमावतात, कारण चौकोनी कंस म्हणजे 'यातलं कुठलंही अक्षर'.

एक वैताग: सेलमध्ये मजकुराऐवजी संख्या असेल तर एरर येते. सेलच्या नावानंतर &"" जोडा. लुकअहेड (पुढे काय आहे ते नुसतं तपासणारी खूण) मात्र या फंक्शनमध्ये चालत नाही.