४५ फुटी बूम लिफ्ट, काळी माती आणि तो भोंगा: सात महिन्यांनंतर

बूम लिफ्ट म्हणजे लांब लोखंडी हाताने (बूम) माणसांना उंचावर नेणारं चाकांवरचं मशीन; आमचं भाड्याचं. परवा भाडेवाल्याने मेकॅनिकच्या फेरीचं बिल पाठवलं. गडी आला, टिल्ट सेन्सरच्या (मशीन कलली की भोंगा वाजवणारा) कनेक्टरमधला चिखल पुसला, दहा मिनिटांत गेला. हे पैसे मी देणार नाही. बाकीचं याच रागात लिहितोय, तेवढं समजून घ्या.

परभणीकडे जिनिंगच्या शेडचं काम. मशीन डिझेलवरचं, चारही चाकांना ड्राइव्ह, फोम भरलेले टायर. उंची आणि बास्केटची (बूमच्या टोकाचा, माणसं उभी राहतात तो पिंजरा) २२७ किलोची क्षमता याबद्दल तक्रार नाही. दोन माणसं, बोल्टची पिशवी, पाने एवढं आरामात बसतं. परांची बांधा-सोडायची कटकट गेली.

पण तो भोंगा! चासी (मशीनचा चाकांवरचा सांगाडा) पाच अंशांपेक्षा जास्त कलली की कोकलायला लागतो. पहिले दोन महिने दिवसातून दहादा. भाडं महिन्याला २०८ तासांच्या हिशेबाने, आणि आम्ही बूम मिटवून जागा बदलतोय तरी तासमीटर चालूच. एक जण म्हणाला, वायर बायपास करून देतो. खोटं कशाला बोलू, मी अर्धा तयार झालो होतो.

नडलं ते उलटंच. ऑक्टोबर, परतीचा पाऊस होऊन गेलेला, माती वरून सुकून भेगाळलेली. मशीन सपाट उभी, भोंगा गप्प. बूम कॉलमकडे फिरवला तसा त्या बाजूच्या चाकावर भार आला आणि चाक बसायला लागलं. जूनमध्ये तिथे केबलचा चर बुजवलेला, धुम्मस न मारता. भोंगा वाजेपर्यंत चाक वीतभर आत.

मी खालून ओरडतोय, "खाली घे, खाली घे!" ऑपरेटरने ऐकलं नाही, नशीब माझं. बास्केट उताराकडे होती. पसरलेला बूम तसाच खाली घेतला असता तर ती आणखी बाहेर गेली असती. त्याने आधी बूम आत ओढला, मग उतरवला. बास्केट चढाच्या बाजूला असेल तर क्रम उलटा, हे त्याने नंतर चहाच्या वेळी सांगितलं. चहा माझ्याकडून.

म्हणून भोंग्याबद्दलचं मत बदललंय, पण सुधारलेलं नाही. तो चासीचा कल मोजतो, खालची माती नाही. फार वाजतो ही तक्रार मागे. उशिरा वाजतो ही नवी. आता रोज सकाळी मशीनच्या वाटेवर पहार मारत चालतो. पहार सहज आत गेली की तिथे मुरूम टाकून धुम्मस, वर लोखंडी प्लेट. प्लेटा भंगारातून आणल्या, भाडेवाला त्यांचेही वेगळे पैसे मागत होता.

वारा सुटला की पत्रे वर न्यायचे नाहीत, हेही ठरवलंय. पत्रा शिडासारखा वारा धरतो.

मशीन डिसेंबरअखेर ठेवतोय. बिल मात्र परत पाठवलं. चिखल माझ्या साइटचा, मान्य; पण कनेक्टरचं रबरी झाकण फाटलेलंच आलं होतं. लोबेड ट्रेलरवरून मशीन उतरवतानाचा फोटो आहे माझ्याकडे.