आधी गायचं, मग वाजवायचं: गिटार सोलोसाठी ही पद्धत काही महिने वापरल्यावर

पावसाळा सुरू व्हायच्या सुमारास ही पद्धत चालू केली, आता थंडी ओसरत आलीय, म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालंय. पद्धत एका ओळीत सांगता येते. सोलोमधली कुठलीही फ्रेज (म्हणजे सुरांचं एक छोटं वाक्य) आधी तोंडाने गायची आणि जे गायलं तेवढंच गिटारवर वाजवायचं, गाता येत नसेल तर वाजवायचंच नाही. सामान म्हणाल तर स्ट्रॅट टाइपची साधी इलेक्ट्रिक गिटार, छोटा अँप, एक लूपर पेडल (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारं, पायाने दाबायचं यंत्र) आणि मोबाईलचा रेकॉर्डर. नवीन काही विकत घ्यावं लागत नाही, लूपर नसेल तर कॉर्ड्स मोबाईलवर रेकॉर्ड करून ब्लूटूथ स्पीकरवर लावल्या तरी चालतं.

कोणासाठी आहे हे आधी सांगतो. ज्यांना पेंटॅटॉनिकचा (पाच सुरांच्या स्केलचा) पहिला बॉक्स, म्हणजे फ्रेटबोर्डवरचा बोटांचा ठरलेला साचा, झोपेत येतो, पाचव्या फ्रेटवर ए मायनर म्हटलं की बोटं आपोआप वर-खाली पळायला लागतात, सूर सगळे बरोबर असतात, ताल पण सुटत नाही आणि तरी सोलो संपल्यावर ऐकणाऱ्याला त्यातलं एक वाक्य पण गुणगुणता येत नाही, त्यांच्यासाठी. अशांना जो भेटतो तो "फीलने वाजव" असं सांगून निघून जातो. अरे बाबा फील म्हणजे नेमकं काय करू, कुठे थांबू, कुठली नोट किती वेळ धरू, ते सांग की! या पद्धतीचा मोठा फायदा हाच वाटला की ती या प्रश्नांची उत्तरं देते आणि ती पण आपल्याच गळ्यातून.

पहिला फरक पडतो तो थांबण्यात. समजा ए मायनर, एफ, सी, जी असा लूप लावलाय, प्रत्येक कॉर्ड एक बार, टेंपो ७० (मिनिटाला ७० मात्रा). चार मात्रांचा एक बार साधारण साडेतीन सेकंदांचा होतो, दोन बार म्हणजे सात सेकंद, आणि सूर धरून गाताना आपल्यासारख्या न शिकलेल्या माणसाचा श्वास साधारण तेवढाच पुरतो. म्हणजे गायला लागलात की फ्रेज आपोआप दीड-दोन बारची होते आणि मग श्वास घ्यायला थांबावंच लागतं. बोटांना ही अडचणच नाही, ती लूप संपेपर्यंत पळू शकतात, म्हणून पळतात. सुरुवातीला ही मोकळी जागा फार अंगावर येते, दोन बार काहीच वाजवायचं नाही म्हणजे आपण विसरलोय की काय असं ऐकणाऱ्याला वाटेल अशी भीती वाटते, पण रेकॉर्डिंग ऐकताना तीच जागा कानाला सगळ्यात बरी वाटते. आमच्याकडे बायकोचा पहिल्या आठवड्यातला अभिप्राय होता, "हल्ली कमी वाजवतोयस, बरं वाटतंय." काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

अजून एक, गाताना कोणी प्रत्येक ओळ समेवर सुरू करत नाही. दुसऱ्या मात्रेनंतर उचलतो, कधी अर्धी मात्रा उशिरा येतो. गिटारवर मात्र एकवर सुरू करायची सवय इतकी घट्ट असते की वेगळं काही सुचतच नाही. गायला लागलं की ती सवय फार कष्ट न घेता सुटते.

आता फ्रेज कुठे जाऊन टेकवायची, याबद्दल. इथे नुसतं गाणं पुरत नाही, थोडी थिअरी लागतेच. वरच्या लूपमध्ये एफ आला की ए किंवा सी वर थांबलं तर घरी आल्यासारखं वाटतं, सी कॉर्डवर ई गोड लागतो. गंमत जी कॉर्डवर आहे. जी मधला गोडवा बी मध्ये असतो आणि ए मायनर पेंटॅटॉनिकमध्ये बी नाहीच! बॉक्समध्ये अडकलेला माणूस त्यामुळे जी वर नेहमी जी नाहीतर डी वर थांबतो. पण गाणारा माणूस बॉक्स बघत नाही ना, कान कॉर्ड ऐकत असतात, त्यामुळे गळा बऱ्याचदा स्वतःहून बी वर जाऊन बसतो आणि मग तो शोधावा लागतो, पहिल्या तारेवर सातवा फ्रेट. एकदा सापडला की त्याच लूपचा रंग बदलतो. मी प्रत्येक कॉर्डसाठी फक्त एकच उतरण्याची नोट ठरवून बरेच दिवस तेवढंच केलं. मधे काय वाजवायचं ते मोकळं, पण उतरायचं ठरलेल्या ठिकाणीच. कंटाळवाणं वाटतं ऐकायला, पण नियम एकच असल्यामुळे डोकं मोकळं राहतं.

सगळ्यात जास्त कामाचं जे सापडलं ते अक्षरांमुळे सापडलं. नुसतं "ला ला ला" गाऊन एका मर्यादेपुढे काही होत नाही, सगळ्या नोटा सारख्याच येतात. शब्द घेऊन गा. कुठलंही मराठी वाक्य चालतं, मी "अगं ऐक ना जरा" घेतलं होतं. सरळ बोलून बघा: "अगं" पटकन जातं, "ऐक" वर जोर, "ना" लांबतो आणि "जरा" खाली उतरतं. आता तेच चालीवर म्हणा आणि वाजवा. जिथे नवीन अक्षर सुरू होतं तिथेच पिक मारायचा. अक्षर तेच आहे आणि फक्त सूर हलतोय, जसं "ना" ताणताना दोन-तीन सूर येतात, तिथे पिक अजिबात नाही, हॅमर-ऑन, पुल-ऑफ, स्लाइड नाहीतर बेंड (म्हणजे डाव्या हाताचं बोट आपटून, उचलून, सरकवून नाहीतर तार ओढून सूर बदलणं). एवढा एक नियम लावला की वाजवणं टाइपरायटरसारखं वाटायचं थांबतं. प्रत्येक नोटेला पिक मारणं म्हणजे गाताना प्रत्येक सुराला नवीन अक्षर म्हणणं, तसं कोणी गात नाही. जोर कुठे द्यायचा हे पण वाक्यच सांगतं, "ऐक" वर पिक जोरात, "जरा" वर अगदी हलका.

यात आपल्याला एक आयता फायदा आहे असं माझं मत. घरात भावगीतं, अभंग, नाट्यगीतं ऐकून कान आधीच तयार असतात, कुठे मींड घ्यायची (सूर न तोडता दुसऱ्या सुरावर जायचं), कुठे नुसता कण (शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श) लावून सोडायचा हे शिकवावं लागत नाही. सतारीवर विलायत खाँसाहेबांनी गायकी अंग म्हणतात ते हेच काम एका पडद्यावर तार ओढून ओढून केलं. गिटारचा बेंड पण तार ओढणंच आहे, फक्त आपल्या फ्रेटबोर्डवर ओढायला जागा कमी. गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनने त्याच्या शक्ती या बँडसाठी १९७० च्या दशकात जी अकूस्टिक गिटार बनवून घेतली होती तिचा फ्रेटबोर्ड म्हणूनच दोन फ्रेट्सच्या मधे कोरून खोल केला होता, बोटाखाली लाकूड लागत नाही, तार जास्त ओढता येते. आपल्याला एवढं करायची गरज नाही. पण उलटा धोका पण आहे. मला काही दिवस प्रत्येक सुराला मींड लावायचं वेड लागलं होतं आणि रॉकच्या कॉर्डवर ते पार गुळचट होतं. फ्रेजमध्ये एखादीच नोट ओढलेली, बाकीच्या सरळ, हे प्रमाण मला पटलं.

बेंडबद्दल बोलतोच आहे तर ही टेस्ट सगळ्यांनी करा, पाच मिनिटांचं काम आहे. तिसऱ्या तारेवर नववा फ्रेट वाजवा, तो ई. तो कानात धरून गा. गात असतानाच सातव्या फ्रेटवरचा डी ओढून त्या ई पर्यंत न्या. गळा आणि तार एकत्र आली की लगेच कळतं आणि नाही आली तरी कळतं, कारण दोन सुरांमधली ती थरथर ऐकू येते. बहुतेकांचा बेंड थोडा आधीच थांबतो. अनामिकेने तार धरून मधलं बोट आणि पहिलं बोट मागे आधाराला लावायचं, अंगठा मानेवरून वर, आणि जोर बोटांचा नाही तर मनगट फिरवण्याचा. एकट्या बोटाने ओढलं तर सूर पण लागत नाही आणि बोट पण दुखतं. व्हायब्रॅटोची (धरलेला सूर हलवण्याची) घाई करू नका. आधी बेंड सुरात, मग त्यावर हलवा. बेसूर नोट हलवली की ती जास्तच बेसूर वाटते.

ऐकण्यासाठी या काळात ब्लूजवाला गायक-गिटारवादक बी. बी. किंग सोडून फार कोणाला हात लावला नाही. शिकागोच्या रीगल थिएटरमधलं १९६४ चं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. तो माणूस गाताना सहसा वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही, एक ओळ गळ्याने आणि तिला उत्तर गिटारने. त्यामुळे गिटारची फ्रेज केवढी लांब हवी, कुठे संपायला हवी, हे शेजारीच ऐकू येतं. त्याचा तो प्रसिद्ध व्हायब्रॅटो स्लाइड गिटारच्या (तारेवर नळी सरकवून वाजवतात तिच्या) आवाजाची नक्कल करता करता आला, स्लाइड त्याला कधी जमली नाही असं तो स्वतःच सांगायचा. मी त्याच्या गाण्याच्या ओळींनंतर पॉज करून स्वतः उत्तर द्यायचा खेळ खेळायचो. माझं उत्तर दर वेळी त्याच्यापेक्षा लांबच निघायचं.

दुसरी उपयोगी गोष्ट पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोरची. "कम्फर्टेबली नम्ब"चा शेवटचा सोलो, १९७९ चा, एका दमात वाजवलेला नाही. पाच-सहा सोलो वाजवले, मग ऐकून कुठल्या टेकमधला (एका वेळच्या रेकॉर्डिंगमधला) कुठला तुकडा चांगला हे लिहून काढलं आणि ते जोडून एक केला. हे कळल्यावर माझं ओझंच उतरलं. आता मी एकाच लूपवर चार-पाच टेक मोबाईलवर घेतो, दुसऱ्या दिवशी ऐकतो (त्याच दिवशी ऐकू नका, सगळंच भारी वाटतं नाहीतर सगळंच टाकाऊ) आणि जे तुकडे ऐकून गुणगुणता येतात तेवढेच ठेवतो. एका टेकमधून एखादी ओळ निघाली तरी चांगला दिवस म्हणायचा. मग ती ओळ तशीच परत वाजवून फक्त तिचा शेवट बदलायचा, पहिल्यांदा ई वर सोडलेली, दुसऱ्यांदा ए वर आणलेली, आणि अर्धा सोलो तिथेच उभा राहतो.

आता तक्रारी. एक म्हणजे ही पद्धत हळू आहे, खूपच हळू. फास्ट मेटल, श्रेड (अतिवेगाचं वाजवणं) वाजवणाऱ्यांना यातून फार मिळणार नाही, तिथली कितीतरी लिक्स (ठरलेले छोटे तुकडे) बोटांच्या सोयीतूनच जन्मलेली असतात, दोन तारा सोडून उडी मारणं वगैरे गळ्याला झेपत नाही आणि झेपायची गरज पण नाही. डबल स्टॉप्स (दोन सूर एकदम) पण गाता येत नाहीत. दुसरं, गळ्याला पण स्वतःच्या सवयी असतात. काही आठवड्यांनी लक्षात येतं की आपण बॉक्समधून सुटून आता चार ठरलेल्या चालींमध्ये अडकलोय, आणि त्यातल्या दोन तर कुठल्यातरी जुन्या गाण्यातून आलेल्या असतात. यावर उपाय एकच सापडला, स्वतःचं गाणं थोडे दिवस बंद करून दुसऱ्या वाद्याच्या ओळी उतरवायच्या, मी बासरी घेतली. तिसरं, बँडबरोबर जोरात वाजताना स्वतःचा गळा ऐकूच येत नाही आणि ड्रमरने जोर लावला की बोटं परत पळायला लागतात. यावर अजून तरी पक्का इलाज नाही, एवढंच करतो की पहिली ओळ घरून ठरवून नेतो. आणि लूपर! माझ्याकडचा बंद करायला दोनदा दाबावा लागतो आणि प्रत्येक वेळी शेवटी एक फालतू "टक्" येतो, घेताना दुकानात हे नक्की तपासा.

तारांचं पण लिहून टाकतो कारण बरेच जण विचारतील. मी १० वरून ९ च्या (म्हणजे आणखी बारीक तारांच्या) सेटवर आलो, गाण्यासारखे बेंड ९ वर सहज येतात, आवाज थोडा बारीक होतो पण अँपवर भरून निघतो. टोन जवळपास क्लीन ठेवा, गेन (आवाज फाटवणारं अँपचं बटण) जास्त लावला की हलका पिक आणि जोराचा पिक यातला फरक सपाट होतो आणि सगळी मेहनत वाया. अकूस्टिकवाल्यांनी मात्र पूर्ण सुराच्या बेंडच्या मागे लागू नका. १२ च्या सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली असते, ती ओढताना हात मोडेल. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या तारेवर अर्ध्या सुराचे बेंड घ्या आणि बाकीचं काम स्लाइडने करा, एकाच तारेवर वर-खाली सरकत सगळी ओळ वाजवून बघा, अक्षर-पिकवाला नियम तिथेही जसाच्या तसा चालतो.