ई-पीक पाहणी : दोन हंगामांच्या वापरानंतर

औसा तालुक्यातील आमच्या दोन गटांची (जमिनीच्या तुकड्यांची) पीक पाहणी, म्हणजे शेतात काय पेरले याची सातबाऱ्यावरची नोंद, मी 2025 च्या खरिपापासून स्वतःच्या मोबाइलवरून ‘ई-पीक पाहणी’ ॲपने करत आहे. वडिलांच्या काळी गावात मागच्या वर्षीचाच पीकपेरा पुढे उतरवला जाई, त्यामुळे ऊस मोडून चार वर्षे झाली तरी आमच्या सातबाऱ्यावर तो उभाच होता. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर लागू झालेल्या या ॲपमुळे ती लेखणी शेतकऱ्याच्या हाती आली, हे मी मनापासून मान्य करतो.

गटापासून 50 मीटरच्या आत उभे राहून फोटो काढण्याची अट योग्यच आहे, कारण घरबसल्या पीक नोंदवण्याला तिने आळा बसतो. मात्र सप्टेंबरच्या झडीत घोटाभर चिखल तुडवत बांधावर पोहोचलो, तेव्हा स्वतःच्याच सोयाबीनमध्ये उभा असूनही ॲप मला गटापासून दूर असल्याचे सांगत होते. धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर फोटो स्वीकारला गेला. हरभऱ्याच्या वेळी, कोरड्या रानात, दहा मिनिटांत काम झाले.

खरी अडचण माझ्या चुकीतून कळली. एक हेक्टर वीस आरच्या गटात चार तास (ओळी) सोयाबीन आणि एक तास तूर असा पेरा होता, म्हणजे 96 आर आणि 24 आर; पण घाईत मी ‘मिश्र पीक’ऐवजी ‘निर्भेळ पीक’ निवडले आणि सगळे क्षेत्र सोयाबीनच्या नावे लागले. स्वतः दुरुस्ती करण्याची 48 तासांची मुदत उलटल्यावर हे ध्यानात आले. त्यानंतर अर्ज दिला, तीन हेलपाटे घातले, प्रत्येक वेळी ‘वरून लॉक आहे’ एवढेच उत्तर मिळाले. सातबाऱ्यावर तूर नसल्याने 8000 रुपये हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी होईना. अखेर माल आडतीवर घातला. (चूक माझी होती, हे घरी रोज ऐकतो आहे.)

पूर्वी चुकीची नोंद तलाठ्याकडून होई आणि दुरुस्तीही त्याच्याकडेच मागता येई. आता नोंदीची जबाबदारी आमच्यावर आली, पण दुरुस्तीचा अधिकार दोन दिवसांपुरताच मिळाला. पीक शेतात चार-सहा महिने उभे असते. काढणीपर्यंत पुन्हा फोटो देऊन नोंद बदलू द्यायला काय हरकत आहे, हे मला कोणी सांगितलेले नाही.

शेजारच्या काकूंकडे बटणांचा फोन आहे. त्यांची पाहणी गावासाठी नेमलेल्या सहायकाने केली आणि त्यांची तूर मात्र बिनचूक लागली. येत्या खरिपात नोंद करताना मी त्यालाच शेजारी उभा करणार आहे.