फ्लॅशर की लाइव्ह सोनार? गोठलेल्या तळ्यावर थवा शोधताना

अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधल्या तळ्यांवर हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरतात. जानेवारीत क्रॅपी हा मासा खोल भागात सरकतो आणि तळ सोडून मध्येच अधांतरी तरंगतो. ब्लूगिल हा दुसरा मासा पुष्कळदा पाणगवताच्या कडेला सापडतो. सकाळी इथे असलेला थवा दुपारी भलतीकडेच असतो, त्यामुळे सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र, हवाच. प्रश्न एवढाच की भोकाखालचं बघायचं आहे, की पुढचं भोक कुठे पाडायचं ते.

फ्लॅशर हा साधा सोनार; त्याची गोल तबकडी फक्त भोकाखालचा शंकू दाखवते. हिरवी रेघ म्हणजे क्षीण प्रतिध्वनी, केशरी मध्यम, लाल ठळक. ३० फूट खोलीवर ९ अंशांचा ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनी सोडणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा भाग) तळाचं जेमतेम पावणेपाच फुटांचं वर्तुळ टिपतो, २० अंशांचा साडेदहा फुटांचं. रुंद शंकूत मासे जास्त दिसतात, पण कडेचा मासा तिरक्या अंतरामुळे खऱ्यापेक्षा अर्धा फूट खोल भासतो आणि गळ त्याच्या खाली जातो. क्रॅपी वर बघून खातो; गळ खाली गेला की संपलं. गेन (यंत्राची संवेदनशीलता) वाढवताना छोटा टंगस्टन जिग, म्हणजे वजनदार गळ, बारीक हिरव्या रेघेत दिसू लागला की थांबायचं. त्यापुढे गेलात तर तबकडी लालेलाल होते आणि मासा कुठला, कचरा कुठला, कळत नाही. शेजारच्या फ्लॅशरमुळे रेघा नाचत असतील तर इंटरफिअरन्सचं बटण फिरवा.

फ्लॅशरची एक युक्ती फार कामाची. बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल तर वरचं हिम खरवडा, थोडं पाणी ओता आणि ट्रान्सड्यूसर त्यात टेकवा. भोक न पाडताच खोली कळते, कधी मासेही दिसतात. पांढऱ्या, बुडबुड्यांच्या बर्फातून मात्र काही दिसत नाही.

लाइव्ह सोनार पडद्यावर पाण्याखालची हलती प्रतिमा दाखवतो (गार्मिन कंपनीचा लाइव्हस्कोप २०१८ साली आला). त्याचा ट्रान्सड्यूसर दांड्याला बांधून भोकात सोडतात आणि हळूहळू गोल फिरवतात. क्रॅपीचा थवा साठेक फुटांपर्यंत, दिशा आणि अंतरासह दिसतो. ट्रान्सड्यूसर बर्फाच्या खालच्या कडेच्या पुरता खाली हवा, नाहीतर एक बाजू आंधळी राहते. दुसरी गोची: झोत आडवा सुमारे २० अंशांचा, म्हणजे ५० फुटांवर साडेसतरा फूट रुंद. थवा त्यात डावीकडे की उजवीकडे, हे पडदा सांगत नाही. म्हणून दांडा दोन्हीकडे फिरवून प्रतिमा कुठे पुसट होते ते बघायचं, त्या दोहोंच्या मध्यावर भोक पाडायचं. दाट गवतात हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी.

वजन आणि पैसा? फ्लॅशर काही शे डॉलरचा, ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर दिवस काढतो. लाइव्ह सोनारचा पूर्ण संच दोन हजारांच्या पुढे, शिवाय मोठी लिथियम बॅटरी. ती शून्याखालच्या थंडीत चार्ज करायची नाही, आधी घरात गरम होऊ द्यायची.

ठरलेल्या तळ्यावर, गवताजवळ, महिन्यातून दोनदा बसणाऱ्याने फ्लॅशरच घ्यावा. उरलेल्या पैशांत बर्फाला भोक पाडणारा चांगला ऑगर येतो आणि दहा भोकं जास्त पडतात. खोल, उघड्या भागातल्या क्रॅपीमागे हिंडणाऱ्याला लाइव्ह सोनार परवडतो. फक्त तीस फुटांहून खोलातून वर ओढलेला क्रॅपी दाबातल्या बदलाने बहुधा जगत नाही, सोडून उपयोग नसतो. तिथे ठेवण्यापुरतेच धरा. मिनेसोटात क्रॅपीची सर्वसाधारण मर्यादा माणशी १० आहे.