जुन्या घराचं वायरिंग बदललं, त्याला दहा महिने झाले

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेची, १९८४ सालची. चार मजले, १६ बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या वन बीएचकेचं सगळं वायरिंग २०२४ची दिवाळी झाल्यावर बदललं, नवीन डीबी (सगळ्या लाइनच्या स्विचचा डबा) बसवला, आरसीसीबी (करंट कुठे गळला की वीज तोडणारा स्विच) लावला. मधे एक उन्हाळा, एक पावसाळा आणि गणपती होऊन गेले. आता खात्रीने सांगण्यासारखं बरंच साठलंय.

सुरुवात वॉशिंग मशीनपासून झाली. ओल्या हाताने मशीनला हात लावला की आईला झिणझिण्या यायच्या. टेक्निशियन दोनदा येऊन गेला. मशीनमध्ये दोष नाही म्हणाला, आणि ते खरं होतं. हल्लीच्या मशीनच्या सर्किटमध्ये एक फिल्टर असतो. अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी, नसेल तर त्या फिल्टरमधून मशीनच्या पत्र्यावर २३०च्या जवळपास निम्मे व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा असतो, पण हाताला कळतो. काळजीची गोष्ट वेगळीच आहे. उद्या खरंच आतली वायर पत्र्याला टेकली, तरी सुरुवातीला तशाच झिणझिण्या येऊ शकतात, आणि आपण म्हणणार, हे तर नेहमीचंच.

मग हे दोन वर्षांपूर्वीच का सुरू झालं? उत्तर वायरमनदादांनी स्वयंपाकघरात सिंकखाली वाकून शोधलं. आमच्या प्लगांची अर्थची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली होती. त्या काळी सर्रास असंच करायचे. सोसायटीने दोन वर्षांपूर्वी गंजलेले पाइप काढून प्लास्टिकचे टाकले, त्या दिवशी अख्ख्या घराचं अर्थिंग गेलं आणि कोणाच्या ध्यानीमनीही नाही. तार होती तशीच, फक्त प्लास्टिकच्या पाइपला बांधलेली. तुमच्या बिल्डिंगचे पाइप बदलले असतील तर कृपा करून एवढं तरी बघून घ्या.

जुना स्विचबोर्ड उघडला तेव्हा मी शेजारी उभी होते. अ‍ॅल्युमिनियमच्या तारांच्या टोकांवर पांढरी भुकटी जमलेली, वरचं आवरण बोट लावलं की बिस्किटासारखं तुटत होतं. गिझरच्या प्लगमागचा स्क्रू ढिला होऊन बेकेलाइट काळं पडलेलं. मेन बोर्डवरच्या किटकॅटमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फ्यूजमध्ये, फ्यूजच्या तारेऐवजी वायरचे चार-पाच पदर पिळून घातलेले, कारण बारीक तार सारखी जायची. या वायरिंगवर आम्ही २००० वॅटचा गिझर, दीड टनाचा एसी आणि इंडक्शन चालवत होतो. ४० वर्षांपूर्वी हे घर चार ट्यूब, दोन पंखे, एक फ्रिज आणि टीव्ही यांच्या हिशोबाने बांधलेलं होतं.

आता दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची, प्लगना अडीचची, गिझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र चारची तांब्याची वायर आहे. प्रत्येक लाइनला वेगळा एमसीबी (जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच), सगळ्यांच्या आधी ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारा आरसीसीबी. तो ‘ए’ टाइपचा घ्या. इन्व्हर्टर एसी आणि वॉशिंग मशीन असलेल्या घरात साध्या ‘एसी’ टाइपपेक्षा तोच बरा. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच केलं. महावितरणकडे मंजूर भार वाढवायला त्यांचाच टेस्ट रिपोर्ट लागला. १२ दिवस घरात खाचा मारल्याची धूळ होती. त्यावर जास्त लिहीत नाही, सहन करावी लागते.

खरी दगदग अर्थिंगची झाली. मीटर रूमजवळचा अर्थिंगचा जुना खड्डा मिळाला, पण तिथून जिन्यातून वर आलेली धातूची पट्टी पहिल्या मजल्यावर रंगाच्या थराखाली तुटलेली होती. सोसायटीच्या दोन मीटिंगा झाल्या, मग नवीन अर्थिंग करून प्रत्येक मजल्यापर्यंत पट्टी आणली. त्याचा रोध मोजला तेव्हा २.८ ओहम आला, जितका कमी तितका चांगला. मी वायरमनदादांना विचारलं, एवढं चांगलं अर्थिंग आहे तर आरसीसीबी कशाला? त्यांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार करून दाखवला. २३० भागिले २.८ म्हणजे फार तर ८२ अँपिअर. २० अँपिअरचा ‘सी’ टाइपचा एमसीबी तत्काळ पडायला किमान १०० अँपिअर लागतात, कधी २००सुद्धा. म्हणजे फॉल्ट झाला तर तो कित्येक सेकंद तसाच थांबेल आणि तेवढा वेळ मशीनचा पत्रा जिवंत. आरसीसीबीला मात्र ३० मिलिअँपिअर पुरतात, आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तो पडतो. उलट, अर्थिंग नसेल तर पत्र्यावर उतरलेल्या करंटला वाटच नसते, मग आरसीसीबी माणसाचा हात लागल्यावरच पडणार. दोन्ही हवं, हे मला त्या कागदावर समजलं.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि पहिल्याच आठवड्यात पहाटे पाचला आरसीसीबी पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. आमचे वायरमनदादा गावी गेलेले, म्हणून दुसऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, “ताई, बायपास मारून देतो, अख्ख्या बिल्डिंगचं असंच चालतंय.” मी नको म्हटलं आणि आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो. एकेक प्लग काढत गेलो तेव्हा गॅलरीतल्या प्लगच्या खोक्यात पाणी उतरलेलं सापडलं. इथे एक लक्षात घ्या, नुसता त्या लाइनचा एमसीबी पाडून भागत नाही. न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) जोडलेलाच राहतो आणि गळती तिथूनही होऊ शकते. प्लगमधून पिन काढावीच लागते.

जुलैत परत. या वेळी गिझर लावल्यावर तीन-चार मिनिटांनीच पडायचा. गिझरचा एलिमेंट बाहेर काढला तर क्षाराचा जाड थर आणि नळीला केसाएवढी चीर. गार असताना ठीक, तापला की पाण्यात करंट उतरायचा. जुन्या वायरिंगवर हा गिझर तसाच चालू राहिला असता आणि आई रोज त्याच पाण्याने अंघोळ करत राहिली असती. हे लिहितानाही पोटात गोळा येतो.

तक्रार आहे ती एकच, पण मोठी. सगळ्या घराला एकच आरसीसीबी ठेवायला नको होता. गणपतीला पाच दिवस गावी गेलो, मागे तो पडला, परत येऊन फ्रिज उघडला तर सगळं नासलेलं. किमान दोन लावायला हवे होते, फ्रिज आणि दिवे एकावर, बाथरूम-स्वयंपाकघर दुसऱ्यावर. डीबीत जागा ठेवली आहे, दिवाळीआधी दुसरा बसवतेय. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल वेगळा ठेवायला आधीच सांगा. आमच्याकडे तो एकत्र जोडला गेला आणि पहिल्याच संध्याकाळी आरसीसीबी टिकेना. चूक सापडेपर्यंत एक दिवस गेला.

सगळं मिळून ७८ हजार गेले, सोसायटीच्या अर्थिंगचा वाटा वेगळा. दर महिन्याच्या एक तारखेला मी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबते. त्यातून तो पडतो की नाही एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते कळत नाही. ते मीटर लावूनच मोजून घ्यावं लागतं.

१६ पैकी सात घरांनी नवीन पट्टीला जोडणी घेतली आहे. तळमजल्यावरच्या काकूंच्या सिंकखाली अजून ती जुनी तार प्लास्टिकच्या पाइपला गुंडाळलेली मी परवा पाहिली. रविवारी वायरमनदादांना त्यांच्याकडे घेऊन जातेय.