मुंगीघरासाठी रंगीत वाळू: कोणती घ्यावी, कुठे घालावी

वाळूचा रंग आपण निवडतो तो आपल्या डोळ्यांसाठी, हे आधीच कबूल करून टाकू. बहुतेक मुंग्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तर मुंग्या पाळणारे वारुळाच्या काचेवर लाल फिल्म लावतात आणि अंधार न मोडता आत डोकावतात. वाळू निळी की जांभळी याचं मुंग्यांना काही पडलेलं नसतं. कण उचलता येतो का, बीळ टिकतं का, ओल राहते का, एवढंच त्यांना हवं असतं.

म्हणून रंगाच्या आधी जागा ठरवा. वाळू वारुळात जाणार आहे की बाहेरच्या अंगणात, म्हणजे मुंग्या जिथे खायला येतात त्या मोकळ्या डब्यात? वारूळ दमट, आणि अंडी-अळ्या तिथेच. अंगण कोरडं. एकच वाळू दोन्हीकडे चालवायला गेलं की घोटाळा होतो.

सगळ्यात जास्त रंग मिळतात ते हस्तकलेच्या वाळूत. बाटलीत थर रचायला वापरतात ती. दिसायला झकास, कण बारीक, पण रंग बहुधा कणाच्या पाठीवर नुसता चढवलेला. कोरडी असेपर्यंत काही बिघडत नाही, पाणी लागलं की खरं काय ते कळतं. मी एकदा गडद निळी वाळू अंगणात पसरली होती. दुसऱ्या दिवशी साखरपाण्याच्या झाकणात वाळूचा ढीग आणि पाणी निळंशार! मुंग्यांची ही जुनीच खोड. चिकट किंवा पातळ काही दिसलं की त्यात कण आणून टाकायचे. कोरडं अंगण म्हणजे कोरडी वाळू, हा माझा हिशेब तिथेच चुकला. फिकट, पारदर्शक पोटाच्या मुंग्या रंगीत साखरपाणी प्यायल्या तर तो रंग पोटात बाहेरून दिसतो. म्हणजे वाळूतून सुटलेला रंग थेट पोटात जातो, आणि तो कशाचा बनला आहे हे पुडक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं.

मत्स्यालयासाठीची रंगीत वाळू या बाबतीत उजवी. ती पाण्यात राहण्यासाठीच बनवलेली, कणांवर राळेचा किंवा प्लास्टिकसारखा लेप असतो, रंग सहसा सुटत नाही. तिचं दुखणं वेगळं आहे. ओल्या वाळूत बीळ टिकतं ते कणांमधल्या पाण्याच्या पातळ पडद्यामुळे. तो पडदा कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. कण ओबडधोबड असले तर पकड आणखी घट्ट. लेप दिलेले कण गुळगुळीत, बरेचदा गोल आणि जाड. अशा वाळूत मुंग्या खणतात आणि छत खाली येतं, पुन्हा खणतात, पुन्हा तेच. त्यामुळे अंगणाला उत्तम, खणायला नाही.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची, म्हणजे मुळातच रंगीत असलेली वाळू. तांबडी लोहाच्या ऑक्साइडमुळे, काळी बसाल्ट किंवा मॅग्नेटाइटमुळे, पांढरी शुद्ध क्वार्ट्झची, गुलाबीसर गार्नेटची. मोरपंखी किंवा पोपटी हवी असेल तर निराशा होईल. पण रंग कणातच असल्याने साखरपाणी रंगायची भीती नाही आणि कण बहुतेक वेळा कोनदार असतात. खणायला द्यायची असेल तर तीन भाग वाळूत एक भाग चिकणमाती मिसळा, नुसत्या वाळूपेक्षा बिळं कितीतरी जास्त टिकतात. समुद्रकिनाऱ्यावरून उचलून आणलेली मात्र तशीच घालू नका, तिच्यात मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो. व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बुडबुडे आले तर चुना आहे असं समजा.

सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची कॅल्शियमवाली रंगीत वाळू ओल लागली की गोळे धरून घट्ट बसते. ती सोडूनच द्या.

कुठलीही वाळू घ्या, आधी मूठभर पांढऱ्या कपात कोमट पाण्यात एक दिवस ठेवा, मग ओल्या पांढऱ्या कागदावर चोळा. पाण्याला किंवा कागदाला रंग आला, की ती वाळू शोभेच्या बाटलीतच बरी. पास झाली तरी पाणी नितळ येईपर्यंत धुवाच. पिठासारखी बारीक धूळ मुंग्यांच्या अंगाला आणि श्वासछिद्रांना त्रासदायक, आणि कोरडी चाळताना ती आपल्याही छातीत जाते.

आता रंग. काळ्या मुंग्या पांढऱ्या वाळूवर उठून दिसतात, पण कचऱ्याचा प्रत्येक तुकडाही दिसतो. काळ्या वाळूवर पिवळट मुंग्या सुंदर, शिवाय पांढरी बुरशी लगेच नजरेत येते. दिव्याखाली मात्र काळी वाळू जास्त तापते. दोन काचांमधल्या उभ्या मुंगीघरात वेगवेगळ्या रंगांचे थर रचायचा मोह होतो. ते थर काही आठवड्यांत विस्कटणार, हे धरूनच चला. मला तर तेच आवडतं. खालचा तांबडा कण वर पांढऱ्यात आला की कुठून किती खणलं ते काचेबाहेरून वाचता येतं.

लॅसियस किंवा कॅम्पोनोटस गटातल्या मुंग्या पाळत असाल तर आणखी एक गोष्ट. यांच्या अळ्या कोष विणतात आणि त्यासाठी त्यांना धागे अडकवायला आधार लागतो. कामकरी मुंग्या अळ्यांना वाळूच्या कणांत पुरतात, कोष झाला की उकरून साफ करतात. म्हणून वारूळ प्लास्टरचं असलं तरी चिमूटभर वाळू आत असू द्या, पण ती मूळ रंगाचीच. परीक्षानळीत एकटीच अंडी घालत बसलेल्या नव्या राणीला वाळूची गरज नाही, तिला अंधार आणि शांतता द्या.

अंगणात अर्धा सेंटिमीटर थर पुरतो. जास्त घातलात तर मुंग्या त्यातच घर करतात आणि तुम्ही हौसेने बनवलेलं वारूळ रिकामं पडतं.